हसू हवे, पण दात राखून

लग्नाची तारीख ठरली की आपल्या घरांत याद्या सुरू होतात. कार्यालय, आचारी, साड्या, आहेर, केळवणे. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी नोंद आली आहे, ती म्हणजे दात. पूर्वी माणूस दाताच्या डॉक्टरकडे जायचा तो गाल धरून, रात्रभर कण्हून झाल्यावर. आता न दुखणारे, न किडलेले, रोज भाकरी चावणारे दात घेऊन तरुण मुले-मुली दवाखान्याची पायरी चढतात आणि म्हणतात, ''डॉक्टर, हसू छान करून द्या.''

या इच्छेला नावे ठेवणाऱ्यांतली मी नाही. यवतमाळकडच्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. तोंडाशी पदर धरल्याशिवाय त्या कधी हसत नसत. गावच्या विंधन विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे दातांवर लहानपणापासून तपकिरी चट्टे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असू नये, असे भारतीय मानक सांगते. पक्के दात जबड्यात घडत असतानाच ते जास्त पोटात गेले, की डाग दाताच्या अंगातच मुरतो. मग कितीही घासा, जात नाही. त्यात त्या बाईंचा काय दोष? पण मुलगी पाहायला येणारी माणसे विहिरीचे पाणी तपासत नाहीत, दात पाहतात. अशा माणसाला कुणी मोकळे हसू मिळवून दिले, तर त्याला चैन म्हणता येणार नाही. तो उपचारच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. धडधाकट दातांनाही आजारी ठरवण्याची जी घाई चालली आहे, तिच्याबद्दल ती आहे. दात कागदासारखा पांढराशुभ्र असावा, हे निसर्गाने कुठेच ठरवलेले नाही. दाताच्या वरच्या अर्धपारदर्शक कवचातून, म्हणजे एनॅमलमधून, आतल्या दंतिनाचा पिवळसर रंग दिसतो. वय वाढते तसे कवच झिजते, आतला थर जाड होतो आणि पिवळेपणा वाढतो. केस पिकतात तसेच हे. आणि सौंदर्याच्या कल्पना तरी कुठे कायमच्या असतात? जपानमध्ये विवाहित स्त्रिया दात मुद्दाम काळे करीत. १८७० मध्ये तिथल्या सरकारला त्या चालीविरुद्ध फर्मान काढावे लागले. आपल्याकडेही सवाष्णींनी दातवण लावून दात काळसर राखण्याची रीत होती. आज पांढऱ्याची लाट आहे, उद्या दुसरी येईल. लाट ओसरल्यावर दात मात्र जागेवर राहिले पाहिजेत.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न ठरले. पटाशीच्या दोन दातांत बारीकशी फट आणि चहाने आलेला थोडा पिवळेपणा, एवढेच तिचे वैगुण्य. साखरपुड्यात सासरच्या एक बाई म्हणाल्या, ''फोटोत जरा तोंड मिटून हस हो.'' पोरीच्या मनात ते रुतले. ती एका चकचकीत दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी माझ्याकडे आली, ती संगणकाने रंगवलेले आपलेच नवे हसू मोबाइलमध्ये घेऊन.

''मावशी, वरच्या दहा दातांना व्हेनिअर लावायचे. दोन फेऱ्यांत काम पूर्ण. आज नाव नोंदवलं तर सूट आहे.''

''दात तासावे लागतील का गं?''

''थोडेसेच, म्हणाले.''

''आणि पुढे नको वाटलं, तर ते पुन्हा होते तसे होतील?''

ती गप्प झाली. हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. जे करणार आहात ते मागे फिरवता येईल का? याचे कारण एनॅमलच्या घडणीत आहे. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने पाहिले तर सुमारे ९६ टक्के खनिज. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते, कारण तिथे जिवंत पेशी असतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपलेल्या असतात. म्हणून एकदा तासलेले एनॅमल पुन्हा येत नाही, तुम्ही चोवीस वर्षांचे असा की चौऱ्याहत्तर. पुढच्या दातांवर ते असते जेमतेम एक मिलिमीटर, हिरडीजवळ त्याहूनही पातळ. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची पोर्सिलिनची पातळ चकती. तिच्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर भाग काढतात. ऐकायला 'थोडेसे', पण मुळातल्या एक मिलिमीटरमधून ते निम्मे झाले.

या व्हेनिअरचा जन्म कसा झाला, ते मोठे बोलके आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. कॅमेऱ्यासमोर नटनट्यांचे दात चांगले दिसावेत म्हणून त्यांनी पातळ मुखवटेच तयार केले. कवळी बसवायच्या पावडरीने ते तात्पुरते चिकटवायचे आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवायचे. म्हणजे मूळ वस्तू रंगभूषेच्या डब्यातली होती. पुढे १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिले, की एनॅमलवर सौम्य आम्लक्रिया केली की त्याला राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. त्या शोधातून कायमचे चिकटवण्याची विद्या आली. विद्या थोर आहे, यात शंका नाही. पण नटाचा मुखवटा रात्री उतरायचा. आपण आज बसवतो तो उतरत नाही.

म्हणून मी या उपचारांकडे जिन्यासारखी पाहते. खालच्या पायरीवर काम भागत असेल तर वरची चढूच नये.

पहिली पायरी साफसफाईची. दातांवरचे कीटण आणि चहा-तंबाखूचे, मिशरीचे डाग यंत्राने काढले, की निम्म्या लोकांना आपल्या दातांचा खरा रंग पहिल्यांदाच दिसतो. साफ केल्याने दात हलतात, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. दात हलतात ते कीटणामुळे हिरड्या आणि हाड खचल्याने. कीटण निघाले की ते उघड होते इतकेच.

दुसरी पायरी ब्लीचिंगची, म्हणजे रंग उजळण्याची. दातांच्या मापाचा पातळ साचा करून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून घरी लावण्याची पद्धत जुनी आणि चांगली पारखलेली आहे. काही दिवस दातांना गार पाणी झोंबते, नंतर ते कमी होते. मात्र आधी कीड आणि हिरड्या तपासून घ्याव्यात, आणि गरोदरपणात हा खटाटोप पुढे ढकलावा. कॅप आणि सिमेंट ब्लीचने उजळत नाहीत, हेही आधी ठाऊक असलेले बरे. लहानपणी टेट्रासायक्लिन दिल्याने आलेला करडा रंग सहजी हटत नाही. आणि एकच दात काळवंडला असेल तर त्याची आतली नस मेलेली असू शकते. तिथे एक्स-रे आधी, रंगाचा विचार नंतर. युरोपीय संघाने २०१२ पासून यासाठी नियम केला. ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली साधने फक्त दंतवैद्यांनाच विकायची, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली आणि १८ वर्षांखालील मुलांना नाही. आपल्याकडे मात्र फेशियल करता करता दात उजळून देणारी पार्लरे आहेत. जेल हिरडीवर सांडली तर ती भाजते, हे तिथे कोण सांगणार?

तिसरी पायरी बाँडिंगची. दाताच्या रंगाचे सिमेंट लावून फट बुजवायची किंवा तुटका कोपरा भरायचा. यात दात बहुधा तासावा लागत नाही. चहा आणि हळदीने ते काही वर्षांत पिवळे पडते, पण पुन्हा घासून चकचकीत करता येते, बदलता येते. माझ्या भाचीला दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी हेच सुचवले. साफसफाई, दोन आठवडे ब्लीच, मग आणखी दोन आठवडे थांबून, उजळलेला रंग स्थिर झाल्यावर फटीपुरते बाँडिंग. तिचे दहाही दात शाबूत राहिले.

वेडेवाकडे दात असतील तर चौथी पायरी, तारेची किंवा पारदर्शक साच्यांची. वेळ लागतो, पण दात आपलेच राहतात. मात्र एक्स-रे न काढता, टपालाने साचे मागवून दात सरकवणे हा शुद्ध अविचार आहे. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही अशी साचे घरपोच पाठवणारी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यावर उपचार असलेल्या ग्राहकांना वाली उरला नाही.

सगळ्यांत वर व्हेनिअर आणि त्याच्याही वर कॅप. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासतात. दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून अधिक भाग जातो आणि काही दातांची नस पुढे मरते. मोडलेल्या किंवा रूट कॅनाल केलेल्या दाताला कॅप हा आधार आहे. धडक्या दाताला ती शिक्षा आहे. चांगले व्हेनिअर दहा-पंधरा वर्षे टिकते, पण साधा हिशेब करा. पंचविसाव्या वर्षी बसवले तर सत्तरीपर्यंत किमान तीन वेळा बदलावे लागणार, आणि दर वेळी दात थोडा उणा होणार. ती सूट फक्त पहिल्या खेपेची असते.

घरगुती उपायांविषयीही बोललेच पाहिजे. लिंबू-मीठ चोळणे म्हणजे एनॅमल आम्लात विरघळवून वर खरडणे. कोळशाची पूड सध्या महागड्या डबीत मिळते. आपल्या आजोबांची राखुंडीच ती, नवे कपडे घालून आलेली. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकातील २०१७ च्या एका आढाव्यात तिच्या सुरक्षिततेला वा गुणाला पुरेसा पुरावा आढळला नाही.

मग दवाखान्यात विचारायचे काय? डॉक्टरांची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का? माझा दात किती तासणार? यापेक्षा कमी तासून काही होईल का? हे किती वर्षे टिकेल आणि बिघडले तर पुढे काय? दात तासण्याआधी नवा आकार माझ्या तोंडात तात्पुरता लावून दाखवाल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. जो रागावतो किंवा 'आजच ठरवा' म्हणतो, तिथून चप्पल घालून निघावे. आणि लग्नाच्या तोंडावर तर जाऊच नये. निदान तीन-चार महिने हाताशी ठेवावेत. घाईत माणूस वरची पायरी आधी चढतो.

शेवटी दोन शब्द आपल्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी. मुलगी पाहताना, सून घरात येताना, जावयाच्या पाठीमागे आपण दातांवर जे शेरे मारतो, त्यांची किंमत एनॅमलने चुकवली जाते. आपल्या तोंडून सहज गेलेला एक शब्द त्या पोरांना यंत्राच्या खुर्चीत नेऊन बसवतो. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण गरिबीवर होती. आज घरात चणे भरपूर आहेत. ते म्हातारपणी स्वतःच्या दातांनी खाता यावेत, एवढी सोय मुलांसाठी राहू द्या.