विश्लेषण : केसांसाठी, त्वचेसाठी ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल खरेच हवी का?

केस गळतात, चेहऱ्यावर डाग पडले, पायांत गोळे येतात. तक्रार कोणतीही असो, ‘ई’ची कॅप्सूल घेऊन बघा, असा सल्ला हल्ली सहज मिळतो. वैनगंगेकाठच्या पवनीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही तो मोबाइलवरून घरोघरी पोहोचला आहे. निरोगी माणसाला मात्र या कॅप्सूलची गरज सहसा नसते. मोठ्या मात्रेत ती दीर्घकाळ घेणे धोक्याचेही ठरू शकते.

हे जीवनसत्त्व करते काय?
तेल उघड्यावर राहिले की खवट होते. शरीरातील पेशींच्या आवरणातही चरबी असते आणि ऑक्सिजनमुळे तिचीही अशीच हानी होऊ शकते. ती रोखणे हे ‘ई’ जीवनसत्त्वाचे मुख्य काम. १९२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांवरील प्रयोगांत त्याचा शोध लागला. निसर्गात त्याची आठ रूपे आढळतात. त्यांपैकी अल्फा टोकोफेरॉल हे रूप यकृत प्राधान्याने रक्तात पाठवते.

कमतरता कोणाला होते?
निरोगी माणसात ती क्वचितच होते. आहारातील चरबी ज्यांना नीट पचत नाही असे रुग्ण, अपुऱ्या दिवसांची बाळे आणि काही दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेले लोक यांना धोका अधिक. कमतरतेत नसांवर परिणाम होतो, चालताना तोल जातो. नुसते केस गळणे हे तिचे लक्षण मानता येत नाही.

धानपट्ट्यात ते मिळते कशातून?
भंडारा जिल्ह्यात भात हे मुख्य अन्न. धानाच्या दाण्यातील ‘ई’ जीवनसत्त्व मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. राइस मिलमध्ये तांदूळ पांढराशुभ्र होताना हा भाग निघून जातो. पुढे त्याच कोंड्यापासून खाद्यतेल निघते आणि त्या तेलात हे जीवनसत्त्व असते. विदर्भातल्या स्वयंपाकघरातील जवसाची चटणी पौष्टिकच, पण जवसात मुख्यतः गॅमा रूप असते. जवसाची खरी ओळख ओमेगा-३ ही आहे.

अमेरिकी निकषानुसार प्रौढांना दिवसाला १५ मिलीग्रॅम अल्फा टोकोफेरॉल पुरते. मोठा चमचाभर सूर्यफूल तेलातून साडेपाच, तर मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे दोन मिलीग्रॅम मिळते. पालकातही ते असते. तेच तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरले की ते नष्ट होत जाते.

जास्त घेतले तर?
अमेरिका आणि कॅनडात ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही मोठी चाचणी झाली. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे त्यात पाहायचे होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मात्र रोज ४०० युनिट ‘ई’ घेणाऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले. कृत्रिम टोकोफेरिल ॲसिटेटचा एक मिलीग्रॅम म्हणजे एक युनिट. म्हणजेच दुकानात सर्रास मिळणारी ४०० मिलीग्रॅमची कॅप्सूल नेमकी त्याच मात्रेची. शिवाय मोठी मात्रा रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणते. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध सुरू असणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका त्यामुळे वाढतो.

मग ती कॅप्सूल निरुपयोगी का?
तसे नाही. मधुमेह नसलेल्या काही रुग्णांमध्ये चरबीमुळे यकृताला सूज आली असेल, तर डॉक्टर तिचा विचार करतात. पण तो तपासणीनंतरचा, ठरावीक मात्रेचा उपचार असतो. शेजारणीला गुण आला म्हणून सुरू करायची ती गोष्ट नव्हे.

महिन्याच्या किराण्यात भागणाऱ्या घरासाठी हा पैशांचाही प्रश्न आहे. एका पाकिटाच्या पैशांत शेंगदाणे आणि पालेभाजी येते. त्यातून ‘ई’सोबत प्रथिने, लोह आणि तंतूही मिळतात. केस फारच गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी व्हायला हवी. घरातील वडीलधाऱ्यांना हृदयाची औषधे सुरू असतील, तर ही कॅप्सूल घेत असल्याचे डॉक्टरांना सांगायलाच हवे. ‘साधे व्हिटॅमिन’ म्हणून तेवढेच सांगायचे राहून जाते.