स्टँप पेपरने माणूस बांधता येत नाही

अमरावतीतील राजापेठ, बडनेरा रोड, सराफा, बिझीलँड-सिटीलँड आणि एमआयडीसीतील दुकानदार, क्लासवाले, डॉक्टर व कारखानदार यांना जाहीर पत्रक



कामावर नवा पोरगा किंवा पोरगी ठेवताना आपल्याकडे आजकाल एक कागद पुढे सरकवला जातो. आठ-दहा पानी, इंग्रजीत, बंगळुरूच्या कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीच्या नमुन्यावरून उतरवलेला. कंपनीचे नाव खोडायचे, दुकानाचे टाकायचे, पाचशेच्या स्टँप पेपरवर छापायचे आणि सही घ्यायची. घाईत एखाद्या पानावर जुन्या कंपनीचे नाव तसेच राहते. वाद झाल्यास दावा बंगळुरूच्या कोर्टात चालेल, हे कलमही राहते. सही करणाऱ्याने तो कागद वाचलेला नसतो आणि खरे सांगायचे तर करून घेणाऱ्यानेही नसतो.

हा कागद कामगाराला अन्यायकारक आहे, हे कामगार संघटना सांगतीलच. आम्ही राजापेठेत वकिली करणारी माणसे मालकांना सांगतो आहोत, की तो तुमच्याही कामाचा नाही.

सर्वांच्या लाडक्या कलमापासून सुरू करू. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे अमरावती जिल्ह्यात याच धंद्यात काम करणार नाही.’ १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ उघडा. कोणालाही कायदेशीर धंदा-रोजगार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजला जातो. अपवाद फार थोडे, आणि तुमच्या काउंटरवरचा सेल्समन त्यांत बसत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याला एका जाहिरात-व्यवस्थापन कंपनीने अशाच अटीवर कोर्टात खेचले होते. करार नोकरीचा नव्हता, पण प्रश्न हाच होता : मुदत संपल्यावरही जुनी अट माणसाला अडवू शकते का? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हणून सांगितले. ज्या अटीवर एवढी मोठी कंपनी हरली, तिच्या भरवशावर मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाने राहावे?

मग मालकाने काहीच लिहून घेऊ नये का? तसे मुळीच नाही. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीचा गोलिकरी खटला पाहा. टायर कॉर्ड बनवण्याचे तंत्र कंपनीने परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. त्या विभागातल्या गोलिकरी या शिफ्ट सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार होता. तो मध्येच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. का? बंदी कराराच्या मुदतीपुरतीच होती, कामही त्याच स्वरूपाचे होते आणि जपण्यासारखे गुपित खरोखर होते. तुमच्याकडे तसे काही असेल, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, खरेदीचे भाव किंवा औषधाचे मिश्रण, तर ते नेमके लिहा. ‘कंपनीची सर्व गोपनीय माहिती’ असे मोघम लिहिले, तर कशाचे रक्षण मागता हे कोर्टाला कळायचे कसे?

बाँडचेही तसेच. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली, तेव्हापासून जो तो बाँड लिहून घेऊ लागला आहे. पण निकाल वाचा. सरकारी बँकेला देशभर जाहिरात देऊन, परीक्षा-मुलाखती घेऊन भरती करावी लागते, माणूस मध्येच गेला की तो खर्च पुन्हा पडतो, हे तिथे पाहिले गेले. तुम्ही पोराला चार दिवस बिलिंग मशीन शिकवले, त्याचे दोन लाख कोण देईल? करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढेच देते.

मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून घेणे आणि कोरा चेक सही करून घेणे, या दोन गोष्टींबद्दल आम्ही सौम्य बोलणार नाही. वसूल होण्याजोगे कायदेशीर देणे नसेल, तर त्या चेकवर खटला टिकत नाही. कोणाची पदवी तुमच्या कपाटात आहे, ही गोष्ट तर वकिलाने कोर्टात सांगायलाही लाजावे अशी.

‘कोर्टात कोण जाते बाप्पा?’ असे विचारणारे भेटतात. म्हणजे कलम फुसके आहे हे त्यांना ठाऊक असते, धाक पुरेसा वाटतो. मात्र औद्योगिक कामगार आणि सर्व महिला यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दुकानदाराला स्वतःच्या खिशातून करावा लागतो. धाक कोणाच्या अंगाशी येईल ते पाहा.

आता चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचे आहे. ज्या जुन्या माणसांना ते कधी दिलेच नाही, त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. नोकरी सोडणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, त्यामुळे ‘४५ दिवसांनी हिशेब’ हे कलम खोडा. पंधरा मिनिटे उशीर आणि अर्ध्या दिवसाचा पगार गायब, हेही चालत नाही. गैरहजेरी जेवढी, कपात तेवढीच. जिनिंगवाल्यांनी तर वेगळाच सल्ला घ्यावा. हंगामी माणसाला ग्रॅच्युइटी नाहीच, असा समज आपल्या वऱ्हाडात पक्का बसला आहे. कायद्यात हंगामी आस्थापनेसाठी दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराचा हिशेब केव्हाचा लिहिलेला आहे.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. आमच्यातले काही वकील तोच इंग्रजी नमुना उतरवून फी घेतात. व्यापारी संघटना गणेशोत्सवाला आणि सत्काराला जितक्या तत्पर, तितक्या याबाबत नाहीत. नांदगाव पेठेच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. ते कारखाने उभे राहतील तेव्हा हजारो हातांशी करार करावे लागतील. तेव्हाही बंगळुरूचाच कागद वापरायचा काय?

आमच्या मागण्या अशा. प्रत्येक व्यापारी संघटनेने वर्गणीतून एका कामगार-कायद्याच्या वकिलाकडून मराठी नेमणूकपत्राचा नमुना तयार करून घ्यावा, त्यात काम, पगार, सुट्टी, जादा कामाचा दुप्पट दर आणि दोन्ही बाजूंना सारखीच नोटीस असावी. दुकान, जिनिंग, दवाखाना व क्लास यांचे नमुने वेगळे असावेत. अमरावतीच्या कामगार कार्यालयाने नमुना दर्शनी भागात लावावा आणि अकोल्यातही तसेच व्हावे. विधी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा बाजारात बसवावे.

तोवर निदान एवढे करा : आज कपाटातला आपला करार काढा, ज्या कलमाचा अर्थ तुम्हाला स्वतःला सांगता येत नाही त्यावर लाल पेनाने खूण करा आणि तो कागद घेऊन कोणत्याही जाणत्या वकिलाकडे जा. आमच्याकडेच या, असा आग्रह नाही.

— राजापेठेतील काही वकील

(हे पत्रक छापण्यास, झेरॉक्स काढण्यास व वाटण्यास मोकळीक आहे.)