पारावरचं पांडित्य

यंदा एका वसंत व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी नैराश्याचा निकाल सव्वा तासात लावून टाकला. म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी माणसं पारावर बसत, चार गोष्टी बोलत, मन मोकळं होई, डिप्रेशन वगैरे कुणाला ठाऊकही नव्हतं. पार गेले, चाळी गेल्या, म्हणून समुपदेशकांची दुकानं निघाली. मित्र जे फुकट करायचा, त्याचे आता तासावर पैसे मोजायचे. हे सगळे खात्यापित्या घरचे चोचले. शिवाय आपल्याकडे मनाचे श्लोक आहेतच. टाळ्या कडाडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहतात आणि शेजाऱ्याने बेल वाजवली तर आधी भिंगातून बघतात, ही गोष्ट अलाहिदा.

मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते तोंडपाठ असलेल्यांनाही नैराश्य येतं. तो मुद्दा इथे संपला. पाराचा मात्र नीट समाचार घ्यायला हवा.

पारावर बसायचं कोण? पुरुष, आणि त्यातलेही ठरावीक आळीतले. सासरी गांजलेली सून पारावर येऊन मन मोकळं करत होती की काय? ती पाणवठ्यावर बोलायची म्हणाल, तर तिथलं बोलणं दिवेलागणीच्या आत सासूच्या कानावर जायचं. फारच झालं तर तिला ‘बाहेरचं’ झालंय असं ठरायचं आणि अंगारा लावला जायचा. त्याच गावच्या विहिरींचे किती पंचनामे ‘पाय घसरून’ एवढ्यावर मिटले, हे जुन्या माणसांना एकदा खाजगीत विचारून बघा. डिप्रेशन नव्हतं म्हणे!

बरं, ज्यांना पार मोकळा होता त्यांना तिथे मिळायचं काय? समजा, एकजण धीर करून म्हणाला, ‘झोप लागत नाही, कशात राम वाटत नाही.’ पहिला सांगतो, पहाटे उठून सूर्यनमस्कार घाल. दुसरा म्हणतो, लग्न कर. लग्न झालेलं असलं तर, मूल होऊ दे. तिसऱ्याला स्वतःचा मेव्हणा आठवतो, त्याचं तर याहून वाईट होतं, तरी बघा कसा उभा राहिला. चौथ्याने एव्हाना उसाच्या भावाला हात घातलेला असतो. आपला गडी ‘चालायचंच’ म्हणून उठतो आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद होतो. हे कधीपासून होतंय, पहाटे किती वाजता जाग येते, जेवण जातं का, जीव द्यावासा वाटतो का, यातलं काहीही कुणी विचारत नाही. शेवटचा प्रश्न तर नाहीच. विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल, अशी भीती. ती खोटी आहे. असं सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही, हे अभ्यासांनी वारंवार दाखवलंय, आणि जाणता समुपदेशक पहिल्याच भेटीत ते विचारतो. शिवाय उद्या मुंजीच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसायचं नसतं. बोललेलं बाहेर जाऊ न देण्याचं बंधन त्याच्यावर असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्कच दिलाय. पाराला असला कायदा कधी लागू नव्हता.

फुकट मिळायचं ते विकत कशाला म्हणणारी हीच मंडळी पूर्वी पाळणाघरांवर घसरली होती. आजी असताना परक्या बाईकडे मूल ठेवायचं म्हणजे संस्कृती बुडाली! त्या वादातही आजीला कुणी विचारलं नव्हतं.

गोळ्या असताना गप्पा कशाला, असंही एक पुरवणी वाक्य त्या व्याख्यानात झालं. आजार तीव्र असेल तर दोन्ही लागतात. कुठलाही शहाणा समुपदेशक गोळ्या बंद करा म्हणत नाही.

राहिले चोचले. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर बोलून करायच्या उपचाराची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक, साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, फार तर पाऊण तासाच्या, केंद्रात नाहीतर रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. सगळे बरे झाले नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे.

त्या भेटींत उपदेश नव्हता. अशा उपचारात रुग्ण दिवसभर काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, याची नोंद ठेवतो. दुपारी बारापर्यंत अंथरुणात, मन जड. शेजारणीबरोबर भाजी निवडली, जरा बरं. मग पुढल्या आठवड्यात भाजी दोनदा निवडायची. उत्साह आल्यावर काम करू म्हणून थांबलं की तो येत नाही. काम आधी, उत्साह मागून. एवढीशी गोष्ट, पण ती रोज करवून घ्यायला आणि करता आली नाही तर न रागावता पुन्हा ठरवायला कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं.

तसं माणूस जवळपास नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी दोन आठवड्यांहून जास्त मिटून बसलं असेल, तर त्याला मेव्हण्याची गोष्ट सांगू नका. हा क्रमांक लावून द्या.