तीन आकडे आणि खारकेचे पोते

गेल्या महिन्यात आम्ही मिरजेला खालांकडे गेलो, तर चहाआधी मोबाइलच समोर आला. खालांना भिशी लागली होती. ईदच्या आधी शीरखुर्म्याची तयार पाकिटे करून विकायचे त्यांचे हे चौथे वर्ष. भाजलेल्या शेवया, खारकेचे काप, बदाम, पिस्ते, चारोळी, असे एका घराला पुरेल एवढे सामान एका पिशवीत. आजवरचे गिऱ्हाईक मोहल्ल्यातले, नात्यातले, फार तर सांगलीचे. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने एक छोटी वेबसाइट करून दिली. पोरगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. आता त्याचे म्हणणे असे की, भिशीचे सगळे पैसे मस्जिद बंदरच्या मालात घालावेत. "नानी, लोक गूगलवर केवढे शोधतात ते तरी बघा!"

केवढे, हाच तर वाद होता. लोक कोणते शब्द टाइप करून शोधतात याचा अंदाज देणारी साधने असतात. तशा तीन साधनांत त्याने 'शीरखुर्मा' टाकून पाहिले होते. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरने महिन्याला १ हजार ते १० हजार असा पट्टा दाखवला. दुसऱ्याने थेट पाच आकडी संख्या दिली. तिसऱ्याने देवनागरीतल्या शब्दापुढे शून्य लिहिले. नातू पाच आकड्यांवर खूश, सूनबाई शून्य बघून धास्तावलेल्या. खाला एवढेच म्हणाल्या, "तीन तराजूंवर तीन वजने येतात, तर आधी तराजू बघा."

आम्ही दोन संध्याकाळी तेच केले.

पहिली गोष्ट सापडली ती अगदी साधी होती. दुसऱ्या साधनात देश निवडायचा राहून गेला होता. तो आकडा साऱ्या जगाचा होता. शीरखुर्मा कराचीत शोधतात, लंडनमध्येही शोधतात. त्यातले कोण मिरजेहून पाकीट मागवणार? प्लॅनरमध्ये मात्र महाराष्ट्र निवडलेला होता. निम्मे भांडण इथेच मिटले.

शून्याची गोष्ट वेगळी. गूगलच्या आतली नोंदवही बाहेरच्या कंपन्यांना मिळत नाही. त्या गूगलचे पट्टे घेतात, काही लोकांच्या ब्राउझिंगचा विकत मिळणारा नमुना घेतात आणि त्यावरून हिशोब मांडतात. इंग्रजी शब्दाला नमुन्यात भरपूर माणसे सापडतात. देवनागरीत शीरखुर्मा लिहिणारा त्या नमुन्यात एकही नसला की खाली शून्य येते. म्हणजे ते शून्य त्यांच्या नमुन्यातले आहे, गावातले नाही.

प्लॅनरही सरळ आकडा देत नाही. जाहिरातीवर पैसे खर्च न करणाऱ्या खात्यांना २०१६ पासून असे रुंद पट्टेच दिसतात. १ हजार आणि १० हजार यांत दहापटीचा फरक आहे. एवढ्या फरकावर खारीक कशी घ्यायची? शिवाय प्लॅनर एकाच शब्दाची जवळजवळची रूपे एकत्र मोजतो. शीरखुर्मा रोमन लिपीत लिहायच्या तऱ्हा किती! कुणी 'के' नंतर 'एच' लावतो, कुणी नाही, कुणी 'यू' लिहितो, कुणी 'ओ'. नातवाने पाच स्पेलिंगे टाकली, पाचही ठिकाणी तोच पट्टा आला आणि त्याने पाचांची बेरीज केली. एकाच माणसाला पाच वेळा मोजले. ही चूक आमच्याही हातून झाली असती, म्हणून त्याला हसलो नाही.

पण खरी गंमत ईदची आहे, आणि ती या साधनांच्या मदतपानावर कुणी आपल्यासाठी लिहून ठेवलेली नाही. प्लॅनर जो आकडा देतो तो साधारणपणे १२ महिन्यांची सरासरी असतो. शीरखुर्म्याला १२ महिने कोण विचारतो? शोध रमजानच्या शेवटच्या दिवसांत उसळतो, ईद झाली की बसतो. सरासरीत ती उसळी साऱ्या वर्षावर पसरते. मग हंगामाचा आकडा खरा असतो त्याहून लहान दिसतो आणि एरवीचा मोठा.

त्यावर आपले चांद्र वर्ष. आपल्याकडे २०२४ ची ईद ११ एप्रिलला झाली, २०२५ ची ३१ मार्चला. नातवाने एप्रिलची तुलना एप्रिलशी केली आणि घाबरून म्हणाला, एका वर्षात मागणी कोसळली! मागणी कुठे कोसळली, ईद महिना ओलांडून अलीकडे आली. दरवर्षी ती साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. २०२६ ला ती मार्चच्या २० तारखेच्या आसपास येते, म्हणजे रमजान फेब्रुवारीतच सुरू. दिवाळीचा माल विकणाऱ्यालाही तारखा बघाव्या लागतातच, पण तिथे अधिक महिना येऊन गाडी पुन्हा रुळावर आणतो. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून आम्ही महिन्याची महिन्याशी तुलना सोडली आणि ईदच्या आधीचे चार आठवडे गेल्या ईदच्या आधीच्या चार आठवड्यांशी लावून पाहिले. हे गूगल ट्रेंड्समध्ये करता येते, तारखा आपण घालायच्या.

ट्रेंड्सचा १०० मात्र शंभर माणसे नव्हे. निवडलेल्या काळातला सर्वात उंच बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात दाखवतात. गावांची तुलनाही तिथल्या एकूण शोधांच्या प्रमाणातच असते, त्यामुळे लहान शहर मुंबईच्या वर दिसू शकते. कधी वाढते आणि कधी उतरते एवढेच त्यातून घ्यावे. किती, ते घेऊ नये.

एका साधनात 'स्पर्धा कमी' आणि दुसऱ्यात 'अवघड' असेही आले होते. प्लॅनरमधली स्पर्धा जाहिरातदारांची असते. दुसरे साधन वरच्या दहा पानांकडे इतर साइटवरून किती दुवे येतात ते मोजत होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

मग सूनबाईंनी एक प्रश्न विचारला, जो आम्हा कुणाला सुचला नव्हता. "शोधणारे पाकीट शोधतात की रेसिपी?" आम्ही तोच शब्द गूगलवर टाकून पाहिला. वरची जवळजवळ सगळी पाने कृतीची होती, दूध किती आटवायचे, खारीक कधी भिजवायची. म्हणजे तो मोठा आकडा स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकांचा होता, आणि त्यांच्या घरी शेवया आलेल्या होत्या. शब्दाला 'ऑर्डर', 'पॅकेट', 'किंमत' जोडल्यावर पट्टा एकदम खालचा निघाला. गिऱ्हाईक त्यात होते.

शेवटी नातवाने स्वतःच्या साइटचे सर्च कन्सोल उघडले. यात अंदाज नसतो. आपले पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी उघडले, याची गूगलची नोंद असते आणि ती १६ महिने राहते. त्यामुळे गेला रमजान अजून तिथे होता. साइट उघडणारे थोडे होते आणि त्यातल्या बहुतेकांनी शब्दासोबत मिरज किंवा सांगली लिहिले होते. खालांनी कपाटातून वही काढली. गेल्या ईदला १६० पाकिटे गेली, त्यातली साइटवरून ९.

वही आणि कन्सोल, दोघांचे पटले.

खारकेचे एकच पोते मागवले, ती टिकते. बदाम निम्मे. चारोळी लवकर खवट होते, म्हणून ती शाबानच्या अखेरीस. पिस्त्यांचे पैसे खालांनी डब्यात बाजूला ठेवले आहेत, पहिल्या आठवड्यातल्या ऑर्डरी बघून ठरवणार. नातू थोडा हिरमुसला होता. साइटच्या पहिल्या पानावर 'मिरज-सांगलीत घरपोच' असे ठळक लिहायचे काम त्याच्याकडे दिले आहे.