रस्ता करणाऱ्या हातांना शिकवूनच कामाला लावू या

पाऊस ओसरला की राजगडाकडे जाणाऱ्या नसरापूर, मार्गासनी, साखर या वाटेवर कुठे ना कुठे डांबराचा धूर दिसायला लागतो. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात आपला राजगडही आहे. गुंजवण्याहून चोरदरवाज्याने गड चढणाऱ्यांच्या गाड्या आता वाढणार आणि त्यांच्यामागोमाग रस्त्यांची कामंही वाढणार. हे सांगायला ज्योतिषी नको.

पण हे रस्ते करतं कोण? काही माणसं आपल्याच वाड्यावस्त्यांवरची असतात. बरीचशी मुकादमाकडून उचल घेऊन टोळीने लांबून आलेली असतात. पुढच्या वेळी गाडीतून जाताना दोन मिनिटं थांबून बघा.

खडीचा डंपर मागे येतोय. त्याच्या अगदी पाठीमागे एक पोरगा हात हलवत ओरडतोय, ‘येऊ दे, येऊ दे!’ चालकाच्या आरशात तो दिसतच नाही. इंजिनाच्या आवाजात त्याचं ओरडणंही ऐकू जात नसणार. त्याच्या पायात स्लिपर आहे. खराटा घेतलेल्या बाईच्या आणि भरधाव गाडीच्या मध्ये पांढरा चुना फासलेले चार दगड, तेवढाच आडोसा.

त्या पोराने चालकाला आरशात दिसेल असं बाजूला उभं राहायचं असतं. तो दिसेनासा झाला की चालकाने ब्रेक दाबायचा असतो. हॉटमिक्सचा माल दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. डांबर अंगावर उडालं तर ओरबाडून काढायचं नाही. भरपूर गार पाणी ओतायचं, चिकटलेलं तसंच ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. हे सगळं शिकवायला तासभर पुरतो. तो तासच आपल्या कामांवरून नाहीसा झालाय.

एके काळी हे सांगणारं माणूस होतं. सार्वजनिक बांधकाम खात्याचे मैलकामगार आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. ठरावीक लांबीचा रस्ता त्यांच्या अंगावर असायचा. खड्डे बुजवणं, गटारं मोकळी करणं, दरड आली की झेंडा लावून बसणं, हे सगळं तेच करायचे. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली तयार व्हायचा. त्या काळी सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही, डांबराचे चटके तेव्हाही बसायचेच. पण शिकवणारा जागेवर होता. पुढे कामं ठेक्यावर गेली, टोळ्या हंगामी झाल्या आणि ती शिकवणी मोडली. तिच्या जागी आता प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र यायला हवं.

प्रमाणपत्र म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच कागद आठवतो, नव्वद दिवसांचा दाखला. राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ 2011 मध्ये स्थापन झालं. त्याच्याकडे नाव नोंदवायचं तर वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा हा दाखला लागतो. तो मिळवायलाच हवा, कारण कामावर जीव गेला तर घरच्यांना मंडळाकडून मिळणारी मदत या नोंदणीवर ठरते. पण हा दाखला दिवस मोजतो. त्या माणसाला कुणी काही शिकवलं का, हे तो विचारत नाही. मंडळाकडून मिळणाऱ्या सुरक्षा संचातलं हेल्मेट म्हणूनच अनेक घरांत खुंटीला टांगलेलं असतं.

कायदाही आपल्या रस्त्यापर्यंत पोहोचता पोहोचता दमतो. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 कामगारांच्या कामावर सुरक्षा अधिकारी नेमायची अट होती. नव्या श्रम संहितेने ती संख्या 250 वर आणली. आपल्या रस्त्यावर माणसं पंधरा-वीस! त्यांच्या वाट्याला सुरक्षा अधिकारी येणार कुठून?

मोठ्या कामांवरही गाफील राहून चालत नाही. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जण गेले. तिथे निदान सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं. साखरच्या वळणावर एखाद्याचा पाय चाकाखाली आला तर दोन ओळींची बातमीही होत नाही.

हे बदलणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी मुंबईला मोर्चा न्यायची गरज नाही.

सुरुवात ग्रामसभेपासून करू या. गावात रस्त्याचं काम येतं तेव्हा नारळ आपणच फोडतो. तो फोडण्याआधी ठेकेदार आणि शाखा अभियंत्यांना सरळ विचारू या: कामगारांची नोंदणी झालीय का? पहिल्या सकाळी तासभर प्रशिक्षण होणार का? दोन्ही टोकांना जॅकेट घातलेला झेंडेवाला असेल का? तसा ठरावच करू या. ठेकेदार हा काही आपला शत्रू नाही. गावाचं लक्ष आहे म्हटल्यावर तोही काळजी घेतो.

शिकवणार कोण, हा प्रश्नही अवघड नाही. शिरवळ आणि खेड शिवापूर भागातल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी आहेत. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, तिथे शपथा होतात, आणि नेमका तोच रस्त्यांच्या कामाचा ऐन हंगाम. त्यांतल्या एकाने एक सकाळ आपल्या टोळीला द्यावी. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्या पुण्याच्या मंडळींत इंजिनिअर काही कमी नाहीत, त्यांनीही यावं. बोलावं मात्र टोळीच्या भाषेत, आणि दाखवावं प्रत्यक्ष डंपरजवळ.

वर्षानुवर्षं रोलर, पेव्हर चालवणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत जुन्या अनुभवाची चाचणी घेऊन, थोडं शिकवून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ‘शिकलेला नाही’ म्हणून ज्याला आयुष्यभर हिणवलं, त्याच्या हाती कसबाचा कागद येईल. गावातल्या एका शिकलेल्या पोराने अर्ज भरायची जबाबदारी उचलली तरी काम सुरू होईल.

आणि गाडी चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक विनंती. झेंडा दिसला की वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, दोन मिनिटं थांबा. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय आजच लिहून द्या, म्हणजे या हंगामातला पहिला डंपर गावात यायच्या आत ठराव झालेला असेल.