विश्लेषण : प्लेगचा जिवाणू पिसवेची अन्नवाट कशी बंद करतो?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या कोकोनिनो काउंटीत न्यूमोनिक प्लेगने एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. तेथे या आजाराने मृत्यू होण्याची २००७ नंतरची ही पहिलीच वेळ. प्रतिजैविके असूनही प्लेग संपत का नाही? याचे एक उत्तर जिवाणूच्या जनुकांत आहे.

बायोफिल्म म्हणजे काय?

जिवाणू चिकट आवरण तयार करून एखाद्या पृष्ठभागाला धरून एकत्र राहतात. हा थर म्हणजे बायोफिल्म. दातांवर साचणारा चिकट थर हे त्याचे रोजचे उदाहरण. प्लेगचा जिवाणू ‘यर्सिनिया पेस्टिस’ पिसवेच्या जठराच्या तोंडाशी असा थर बनवतो. त्यामुळे रक्त पोटात उतरत नाही. उपाशी पिसू वारंवार चावते आणि जिवाणूमिश्रित रक्त दंशाच्या जागी परत सोडते. वाट पूर्ण बंद होण्याआधीही संसर्ग पसरू शकतो. पण हा मार्ग महत्त्वाचा मानला जातो.

नियंत्रण कसे चालते?

आवरण बनवण्याचे काम ‘एचएमएस’ जनुके करतात. त्यांना इशारा देतो ‘सायक्लिक-डाय-जीएमपी’ हा रेणू. तो वाढला की थर तयार होतो, घटला की थांबतो. हा रेणू बनवणारी आणि तोडणारी विकरे वेगवेगळी आहेत. तापमानही महत्त्वाचे. पिसवेच्या थंड शरीरात थर बनतो. माणसाच्या ३७ अंश सेल्सियस तापमानात त्यासाठी लागणारी प्रथिने घटतात आणि रोगप्रतिकारशक्तीला चकवणारी प्रथिने तयार होऊ लागतात.

ब्रेक कसा निकामी झाला?

हा जिवाणू पोटाचे विकार करणाऱ्या ‘यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस’पासून उत्क्रांत झाला. या पूर्वजातील ‘आरसीएसए’ जनुक बायोफिल्मला आवर घालते. प्लेगच्या जिवाणूत ते निकामी आहे. पूर्वजाचे चालू जनुक त्यात परत घातल्यावर पिसवेतील बायोफिल्म जवळजवळ नाहीशी झाली, असे २००८ मधील संशोधनात दिसले. इशारा देणारा रेणू तोडणारी दोन जनुकेही निकामी झाली आहेत. पिसवेच्या पोटात तग धरण्यासाठी लागणारे ‘वायएमटी’ जनुक मात्र बाहेरून मिळाले. पिसवेमार्फत पसरण्यासाठी हे चार बदल पुरेसे ठरतात, असे २०१४ च्या अभ्यासात आढळले.

याचा अर्थ काय?

एक जनुक मिळाले, तीन बंद पडली आणि आजार पसरण्याचा मार्गच बदलला. त्यामुळे रोगजंतूंवर नजर ठेवताना नव्या जनुकांबरोबरच बंद पडलेली जनुकेही तपासावी लागतात. दुसरे म्हणजे, प्रतिजैविके रुग्णाला वाचवतात. रानातील उंदीरवर्गीय प्राणी आणि पिसवांमधील जिवाणूंपर्यंत ती पोहोचत नाहीत. भारतात सुमारे तीन दशकांच्या शांततेनंतर १९९४ मध्ये बीड आणि सुरतमध्ये प्लेगने डोके वर काढले होते. म्हणूनच रुग्ण नसतानाही उंदीर आणि पिसवांवरची पाळत थांबवता येत नाही.