तबकडीवर उतरलेला आवाज

आमच्या वडिलांच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाची १९९१ सालची एक व्हिडिओ कॅसेट आमच्या घरीं आहे. समारंभ आटोपल्यावर त्या माजघरांतील झोपाळ्यावर बसून ओव्या म्हणत आहेत, एवढाच तिचा शेवटला भाग. पण त्यांचा आवाज म्हणून आतां तेवढाच उरला आहे. गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें ती कॅसेट संगणकांत घेऊन तिची डीव्हीडी केली. सर्व मंडळी मोठ्या उत्सुकतेनें पाहावयास बसली. चित्र ठीक होतें; परंतु ओवी संपून आजींनीं श्वास घेतला कीं छतावरच्या पंख्याची घरघर एकदम वर येई, आणि त्यांनीं पुन्हां सुरुवात केली कीं मागें सरे. मूळ कॅसेटवर असें होत नव्हतें. "आवाज त्यांचाच, पण कोणी दार उघडझांप करतें आहे कीं काय?" असें आमच्या काकू म्हणाल्या.

चौकशी करतां कारण सांपडलें. डीव्हीडी रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्यें ध्वनि कोणत्या पद्धतीनें सांठवावयाचा हें विचारणारी एक लहानशी चौकट असते. तींत बहुधा तीन नांवें आढळतात. पीसीएम म्हणजे ध्वनि कांहीं न गाळतां जसाच्या तसा ठेवणें: सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदास १,५३६ किलोबिट. दुसरी एसी-३, ही डॉल्बी कंपनीची, चित्रपटगृहांत १९९२ पासून वापरांत आलेली. कानास सहसा न जाणवणारा भाग गाळून ती १९२ किलोबिटांत काम भागविते. तिसरी एमपेग. आपल्याकडील पाल पद्धतीचे प्लेयर ती वाजवितात. अमेरिकेंतील प्लेयरांवर तसें बंधन नाहीं. तिकडच्या आप्तांस तबकडी धाडावयाची असेल तर एमपेग टाळावी, आणि चित्रहि तिकडच्या एनटीएससी पद्धतीचें करावें.

आमच्या पुतण्यानें एसी-३ निवडली, यांत चूक कांहींच नव्हती. चूक होती ती तिच्या पोटांतील दोन कलमें न वाचतां मान्य करण्यांत. पहिलें, डायलॉग नॉर्मलायझेशन. हा आंकडा पुष्कळदां उणे २७ असा भरलेलाच असतो, आणि त्यामुळें प्लेयर सगळा ध्वनि ४ डेसिबलनें उतरवितो. उणे ३१ केल्यास उतरवीत नाहीं. दुसरें, डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन. तेथें 'फिल्म स्टँडर्ड' असें लिहिलेलें असलें तर ध्वनीबरोबर प्लेयरला सूचना जातात, कीं मोठा आवाज दाब आणि हळू आवाज उचल. रात्रीं शेजाऱ्यांची झोंप न मोडतां तोफा-बंदुकांचा चित्रपट पाहणाऱ्यास ही सोय उत्तम. ओवी म्हणणाऱ्या वृद्धेच्या विसाव्यांत ती पंखा उचलून धरते. तेथें 'नाहीं' हाच पर्याय घ्यावा.

मग नेहमींच पीसीएम कां घेऊं नये? जागेसाठीं. साध्या एकपदरी तबकडींत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांचा मजकूर असेल तर चित्र व ध्वनि मिळून सेकंदास सरासरी सुमारें ५,२०० किलोबिट वांट्यास येतात. पीसीएमनें आपला भाग उचलल्यावर चित्रास ३,७०० च्या आसपास उरतात, आणि हलत्या गर्दीचें चित्र त्यांत भरड होतें. लग्नाच्या लांब कॅसेटीस म्हणून एसी-३ च बरी. आमची कॅसेट ७० मिनिटांची. पीसीएम घेऊनहि चित्रास ७,००० हून अधिक किलोबिट उरत होते. एवढी जागा मोकळी असतां आवाज गाळण्याचें प्रयोजनच काय?

पुतण्यानें मूळ कॅसेटीवरून नवी तबकडी केली आहे. पंखा आतां एकसारखा घरघरतो, आजी त्याच्या पुढें बसून म्हणतात. कॅसेट काकूंनीं पुन्हां कपाटांत ठेवली. कोणास देण्यास त्या तयार नाहींत.